तीन तासांची खुर्ची

तुमच्या दुकानात किंवा कचेरीत शिरलेल्या एखाद्या अनोळखी बाईनं "संडास कुठं आहे?" असं विचारलं, तर तुम्ही खरं सांगता का? सावकाश उत्तर द्या. मी एकदा खोटं सांगितलं होतं.

भूम गावच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला. पंचावन्नच्या आसपासची एक बाई पायरी चढता चढताच म्हणाली, "कुठं हाय?" काय, ते सांगायची तिला गरज वाटली नाही. दुकानामागं संडास होता. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, असा मालकाचा हुकूम. चळवळीतल्या घरात पत्रकांच्या घड्या घालता घालता जिची अक्षरओळख झाली, बाईच्या सन्मानावर जिनं स्वतः चार पत्रकं लिहिली, त्या मी मान वर न करता सांगितलं, "नाहीये." ती वळली आणि बाजारातून जवळजवळ धावत गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. एका हातात दवाखान्याची जाडजूड फाईल, दुसऱ्या हातात कागदात बांधलेला खवा. "काल तू न्हाय म्हणालीस, आन् तेवढ्यात मागं कुणीतरी टाकी ओढली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दूध नासलं, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. "खा. ताजा हाय." लाज इतकी गोड लागते, हे मला तेव्हा कळलं.

मी तिला मावशी म्हणू लागले, ती मला पोरी. त्या दिवसापासून माझ्यापुरता मालकाचा हुकूम संपला.

मावशीची खव्याची भट्टी भूमजवळच्या एका खेड्यात होती. धगधगत्या लाकडांवर मोठी कढई, आणि पदर खोचून उलथनं फिरवणारी मावशी. खवा करणाऱ्याला मध्येच उठता येत नाही. हात थांबला की तळाला लागलंच. त्यामुळं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं एकच म्हणणं असे, "घाई करू नको, तळाला लागंल." सुनेनं चहा गडबडीत ओतला तरी हेच, गावातलं एखादं लग्न लवकर ठरलं तरी हेच.

आणि अशा बाईला आजार कोणता व्हावा? मोठ्या आतड्याची सूज, आत व्रण, दिवसातून दहा-बारा वेळा पळापळ, सोबत रक्त. "माझंच तळाला लागलंय बघ," असं सांगून ती हसायची. पण कढईवरून ती उठली की सून हातातलं टाकून धावायची, आणि तोवर खवा लालसर व्हायचा. लाल खवा व्यापारी घेत नाही. मावशीला मरणाचं भय नव्हतं. भय होतं ते भट्टीवरून कायमचं उठावं लागेल याचं.

गोळ्या थकल्यावर सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवं औषध सुचवलं. इंग्रजी कागद वाचायला मी सोबत गेले. भूमहून बार्शी, बार्शीहून सोलापूर, एसटीनं तीन-साडेतीन तास. मावशी आदल्या दुपारपासून जेवली नव्हती, म्हणजे वाटेत लागायला नको. रस्त्यावरचा प्रत्येक संडास तिला पाठ होता. कुठल्या दाराला कडी नाही, कुठं पाणी नाही, कुठं पाणी आहे पण दारच नाही. यात्रेकरूंनी देवळं सांगावीत तशी ती सांगत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. सुई घ्या, पंधरा दिवसांनी एकदा, घरच्या घरी, स्वतःच्या हातानं. नाहीतर सलाईनमधून घ्या. सुरुवातीचे डोस जवळजवळ, मग दर दोन महिन्यांनी इथं यायचं आणि दोन-तीन तास खुर्चीत बसायचं. तुमच्या बाबतीत मला दोन्ही चालतील. तुमचं जगणं ज्यात बसेल ते तुम्ही ठरवा." दवाखान्याच्या योजनेत दोन्ही बसत होतं, तेव्हा खर्चाचाही प्रश्न नव्हता.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी तर पेटलेच. सुईच, मावशी, सुईच. आपलं औषध आपल्या हातात. दवाखान्याच्या दारात ताटकळणं नको, एसटी नको, बिनकडीचे संडास नकोत. स्वावलंबनावर मी तिला एक छोटं भाषण दिलं. ती म्हणाली, "घाई करू नको." पण परतीच्या तीन तासांचा विचार तिच्या पोटात होताच. सुई ठरली.

नर्सनं शिकवलं तशी मावशी पोटाला चिमटा काढून स्वतः सुई टोचायला लागली. पहिल्यांदा सुनेनं डोळे मिटले, मावशीनं नाही. दोन महिन्यांत रक्त थांबलं. दहा-बाराचे तीन-चार झाले. खवा पुन्हा पांढरा झाला.

सुया फ्रीजमध्ये ठेवायच्या होत्या. घरातल्यांना कळावं म्हणून मी डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. ठळक अक्षरं, खाली दोन रेघा: थंडच ठेवा. पत्रकात मागणी एकच असावी, हा आमच्या घरचा नियम. खोक्यावर इंग्रजीत आणखीही एक ओळ होती. ती मी वाचली होती, मावशीला एकदा सांगितलीही होती. चिठ्ठीवर मात्र घेतली नाही. दोन मागण्यांनी जोर जातो.

मग वादळात खेड्याची लाईट गेली ती दोन दिवस आली नाही. मावशीचा दीर भूममध्ये खव्याचा व्यापारी. मावशी माहेरी होती; त्यानं चिठ्ठी वाचली आणि डबा उचलून आपल्या दुकानात नेला. खवा ज्या मोठ्या पेटीत दगडासारखा गोठवून ठेवतात तिच्यात, अगदी तळाशी, खव्याच्या दोन गोळ्यांच्या मध्ये. वरून गोणपाट. खव्याच्या माणसाला थंड म्हणजे एवढंच ठाऊक. जितकं थंड तितकं टिकाऊ.

राहून गेलेली ओळ हीच होती: गोठवू नका.

दवाखान्यात फोन केला. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही, टाकून द्या, असं सांगितलं. नवं मिळायला महिना गेला, आणि तेवढ्यात रक्त परत सुरू झालं. दीर भट्टीजवळ उकिडवा बसून राहिला. मावशी त्याला म्हणाली, "भावजी, तुमी जपलं की. लई जपलं." मग माझ्याकडं वळून, "आन् तू बी." हे दुसरं वाक्य मला आजही टोचतं.

पुन्हा सोलापूर. लाईट गेली तरी फ्रीज चालावा म्हणून मी बॅटरीची माहिती छापून नेली होती. मावशीनं ती घडी घालून पिशवीत टाकली आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सलाईन.

मी वाद घातला. तुमच्या वेळेवर, तुमच्या घरी, हे सगळं सोडणार? ती ऐकून घेत होती. आदल्या खेपेला तिनं सलाईनची खोली पाहून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

"घरी सुई टोचून झाली की दहा मिनटात मी कढईवर," ती म्हणाली. "तितं खुर्ची हाय. पाय वर करायची. लग्न झाल्यापून मला सलग तीन तास कुणी बसू दिलं न्हाय. सलाईन चालू असताना कोण उठ म्हणंल?"

"आणि एसटीचं काय?"

"एसटीला सांगीन की थांब म्हणून. तोंड हाय मला."

डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेरच्या रांगेत बार्शीचे एक मास्तर बसले होते. रजा मिळत नाही म्हणून त्यांनी सुई निवडली होती आणि ते खूश होते. ज्याचं त्याचं जगणं.

पुढच्या खेपेला ती पोटभर जेवून निघाली. एसटीत चढल्यावर बसायच्या आधी तिनं कंडक्टरला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मला आतड्याचा आजार हाय. म्या म्हणलं की गाडी थांबवायची. कारण आत्ताच सांगून ठेवते, मग इचारू नका." मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. होय, मीच.

वैरागच्या पुढं तिनं हात वर केला. गाडी एका पेट्रोल पंपावर थांबली. संडासाला कुलूप. पंपावरचा माणूस म्हणाला, ते फक्त कामगारांसाठी आहे. मी भाषणासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून एक बाई उतरली. मग दुसरी, मग कडेवर लेकरू घेतलेली तिसरी. एकूण सहा. बार्शीपासून सगळ्याच धरून बसल्या होत्या. सहाजणी मावशीच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या. पंपावरच्या माणसानं किल्ली आणून दिली.

गाडी सुटल्यावर कंडक्टर म्हणाला, "मावशी, पुढच्या खेपंला कधी?" त्यानं तारीख खरोखर लिहून घेतली.

माझ्या दुकानाच्या दारावर आता पाटी आहे: संडास मागं आहे. मालक महिनाभर कुरकुरला, मग त्याच्याच आईला एकदा बाजारात लागली आणि तो गप्प झाला. मावशीनं पाटी पाहिली तेव्हा औषध लागू पडलेलं होतं. "आता मला लागत न्हाय, तवा लावलीस व्हय," म्हणाली, आणि गरज नसताना मुद्दाम आत जाऊन आली.

आज तिचा सलाईनचा दिवस आहे. भट्टीवर सून आहे आणि मावशीचा पाट रिकामा आहे. ती या घडीला सोलापुरात पाय वर करून बसलेली असेल, आणि कुणीही तिला उठ म्हणत नसेल.

या वेळी मी एक ओळ गाळणार नाही. मागण्या दोन आहेत. तुमच्या जागेतल्या संडासाचं कुलूप आज काढा. आणि दारात येऊन कुणी "कुठं हाय?" म्हणालं, तर बोटानं वाट दाखवा, कारण विचारू नका.