पाठीमागचा देव

मॉरिशसच्या किनाऱ्यावर आमच्या भावकीतले सखाकाका नारळ घेऊन मावळतीकडे तोंड करून उभे होते. कोकणातल्या आमच्या ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालत होते. मागे घरची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मला राहवेना. म्हटलं, "काका, गाव मागच्या बाजूला आहे."

"ठाऊक आसा," ते म्हणाले.

त्यांचा पणजोबा इंग्रजांच्या काळात इथं उसाच्या मळ्यात आला. गावाकडेही सूर्य समुद्रातच बुडायचा. तेव्हा हाच तो समुद्र आणि या पाण्यापलीकडेच घर, असं त्यानं धरलं. बायको तापानं गेली, मग मुलगी गेली. दर वेळी तो इथंच उभा राहून "परत ने" म्हणून विनवत राहिला आणि देव त्याच्या पाठीमागे होता. देव सगळीकडे असतो म्हणतात. मग एवढंसं वळून ऐकायला त्याला काय झालं होतं?

"तुम्ही तरी आता वळा की," मी म्हटलं.

"वळान काय करू? थंय माझ्या पणजोबाक वळखणारा कोण आसा?"

मी त्याच गावाहून आलो होतो. पणजोबाचं नाव मीही इथंच पहिल्यांदा ऐकलं होतं. मी गुपचूप मागे जाऊन उभा राहिलो आणि रिकाम्या पाण्याकडे बघत म्हटलं, "व्हय म्हाराजा."