मूळ प्रतीशी ताडून

मालूताई केतकर वर्तमानपत्र मोठ्याने वाचायच्या आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या. समोरच्याने "आहे" म्हटलं की पुढचं वाक्य. मी नारायण पेठेत नवा राहायला आलो तेव्हा दूध आणायला निघालेल्या मला त्यांनी अडवलं आणि आमच्याच रस्त्याची बातमी ऐकवली. "'खोदाईचे काम पूर्ण झाले आहे.' आहे?" मी त्या वेळी खड्ड्याच्या काठावर तोल सावरत उभा होतो. "नाही," म्हटलं. "मग मान कशाला डोलावत होतात?" एवढं बोलून त्या निघून गेल्या. आमची ओळख ही अशी झाली.

सवय छापखान्यातली. पेठेतल्याच एका छापखान्यात त्यांनी उभी हयात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासली. तिथे एकाने मुद्रित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लेखकाची मूळ प्रत हातात धरून "आहे, आहे" म्हणत जायचं. जुळलं नाही की थांबायचं आणि मुद्रित दुरुस्त करायचं. निवृत्त झाल्यावर बाईंना तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांना आमच्या नगरसेवकांचा वार्षिक कार्यअहवाल सापडला. गुळगुळीत कागद, पानोपानी हसरे फोटो. दरवर्षी तो हाती आला की मालूताई गल्लीतल्या तालमीच्या कट्ट्यावर उभ्या राहून पहिल्या पानापासून वाचायच्या. "हे मुद्रित," त्या सांगायच्या. "मूळ प्रत म्हणजे हे रस्ते, हे नळ, ही गटारं. ती तुमच्या हातात आहे, तेव्हा डुलक्या काढू नका." आधी लोक फुकटची करमणूक म्हणून जमायचे. पण मग एखादा दिवा लागायचा, एखादं झाकण बसायचं, आणि लोक पुढच्या वर्षी वेळेवर यायचे.

नगरसेवक सुनीलराव याच गल्लीतले. माणूस वाईट नव्हता, हे मालूताईसुद्धा सांगायच्या. "त्याला काम करायला आवडतं," त्या म्हणायच्या, "फक्त छापायला जास्त आवडतं."

मग महामारीचं वर्ष आलं. गल्लीच्या टोकाचा सरकारी दवाखाना बंद झाला, कारण तिथला डॉक्टर आणि नर्सबाई दोघांनाही मोठ्या केंद्रावर पाठवलं होतं. मालूताईंचा धाकटा भाऊ दिनूभाऊ त्यांच्याकडेच राहायचा. एके दुपारी त्याला धाप लागली. रिक्षा मिळेना, ॲम्ब्युलन्सचा फोन लागेना. शेवटी मालूताई आणि इस्त्रीवाले शिर्के त्याला दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यापर्यंत घेऊन गेले, कुणीतरी असेल या आशेने. दाराला कुलूप होतं. दिनूभाऊ त्या पायरीवरच गेला. मी गॅलरीतून बघत होतो.

त्या वर्षीचा अहवाल धान्याच्या पिशवीतून घरोघरी आला. त्यात एक वाक्य होतं: 'महामारीच्या काळात प्रभागातील एकही रुग्ण उपचाराविना राहिला नाही.'

सुनीलराव समाचाराला आले तेव्हा मी तिथेच होतो. ते हळूच म्हणाले, "ताई, यंदा वाचन राहू द्या. वर्ष कसं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे ना? मग ताडायला सोपं जाईल."

"अहो, अशा काळात चुका होणारच."

"चूक झाली तर मी चूक म्हणते," मालूताई म्हणाल्या. "ती छापली की खोटं म्हणते. चहा घेणार?"

जमावबंदी होती, म्हणून मीही म्हटलं की पुढच्या वर्षी बघू. "थाळ्या वाजवायला गॅलऱ्या चालल्या," त्या म्हणाल्या, "उत्तरं द्यायला का चालू नयेत?" आणि एका संध्याकाळी त्या आपल्या गॅलरीत उभ्या राहिल्या. समोर, शेजारी, वरखाली खिडक्या उघडल्या. सुनीलराव मास्क लावून खाली रस्त्यावर येऊन उभे राहिले, हेही मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

"'गरजू कुटुंबांना मोफत धान्य दिले.' आहे?"

"आहे!"

"जोरात म्हणा. खाताना कुणी लाजलं नाही." मग गल्लीने खरोखर दणकून "आहे" म्हटलं. पुढे नियमित पाणीपुरवठ्याचं वाक्य आलं. "हे खडकवासल्याचं काम," मालूताई म्हणाल्या, "पाऊस पडला, धरण भरलं. पुढे." जंतुनाशक फवारणीला कुणीतरी ओरडलं, "फोटोपुरती!" लोक किती तरी दिवसांनी हसले.

मग ते वाक्य आलं. बाईंनी ते त्याच आवाजात वाचलं. "आहे?"

लोक एकमेकांच्या खिडक्यांकडे बघू लागले. प्रत्येक स्वयंपाकघरात सुनीलरावांच्या पिशवीतले तांदूळ होते, आणि पिशव्या अजून येणार होत्या. "माझ्याकडे बघून सांगू नका," मालूताई म्हणाल्या. "दिनू माझा होता. मूळ प्रत तुमच्या हातात आहे. काय दिसतंय ते सांगा."

शिर्क्यांचं दुकान बंद होतं. त्यांचं घर त्या पिशव्यांवरच चाललं होतं. ते खिडकीत आले. "साहेब, तुमचं धान्य खाल्लं, देव तुमचं भलं करो," ते म्हणाले, "पण दाराला कुलूप होतं. नाही म्हणजे नाही." त्यानंतर समोरच्या आजी म्हणाल्या, "नाही." मग मी, मग वरचे जोशी, मग एकेक खिडकी. कुणी ओरडलं नाही. नुसतं "नाही, नाही" असं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

सुनीलरावांनी मान खाली घातली. "ताई, ते वाक्य मी काढून टाकतो," ते म्हणाले.

"मुळीच काढायचं नाही!" मालूताईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जन्मभर मी मूळ प्रत बघून मुद्रित दुरुस्त केलं. या वेळी उलटं करा. वाक्य चांगलं आहे, ते तसंच राहू द्या. तुम्ही मूळ प्रत दुरुस्त करा."

आठवड्याभरात दवाखान्याचं कुलूप निघालं. सुनीलरावांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते मला ठाऊक नाही, पण डॉक्टर आला, नर्सबाईही आल्या. मालूताईंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की मला दवाखाना पुन्हा उघडला तो पहिला दिवस दिसतो. दार उघडायच्या आधीपासून त्या दिनूभाऊच्या पायरीशेजारी उभ्या होत्या. दार उघडल्यावर सरळ आत जाऊन बाकावर बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय होतंय?"

"मला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आहात का ते बघायला आले. उद्याही येणार आहे."