हळदीची बरणी ओट्यावर

शोभा गेल्याचं तुम्हा दोघा नातवंडांना फोनवर सांगितलं, तेव्हा अनय, तू म्हणालास, "आजी, आता तू आमच्याकडेच ये. त्या गुडघ्यांनी तुंगार्लीत एकटी कशी राहशील?" विचार करून सांगते, म्हटलं होतं. आज सांगते आहे.

माझ्या या धाकट्या बहिणीचं आयुष्य पुण्यात संगणकाच्या चिपचे आराखडे करण्यात गेलं. निवृत्त होऊन माझ्याकडे आली, तरी काम सुटलं नव्हतं. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच बसायची. माझं घर शिस्तीचं. मसाले, डाळी सगळं कोठीच्या खोलीत, नावं लावून. एकदा म्हणाली, "ताई, तू स्वयंपाक करत नाहीस, तू चालतेस."

"मग काय, ओट्यावर पसारा मांडू?"

"अगं, संगणकाचंही हेच दुखणं. हिशेब क्षणात होतो. वेळ आणि वीज जाते ती माहितीची ने-आण करण्यात. माहिती थोडी होती तोवर खपलं. आता डोंगराएवढी झाली, म्हणून चिपची रचनाच बदलावी लागतेय. मेमरी म्हणजे माहितीची कोठी, ती प्रोसेसरच्या, म्हणजे ओट्याच्या शेजारी आणायची, जमेल तिथे मेमरीच्या पोटातच गणित उरकायचं. वर्षातून एकदा लागतं तेवढंच लांब ठेवायचं."

ती सकाळी हळदीची बरणी ओट्यावर आणायची, मी रात्री ओटा पुसताना कोठीत न्यायची. वरच्या वाडीतून कामाला येणारी हिराबाई म्हणायची, "कोठीतनं ओट्यावर, ओट्यावरनं कोठीत... ह्या बरणीला एश्टीचा पास काढून द्या, मावशी!"

दवाखान्यात शेवटच्या भेटीत शोभानं विचारलं, "हळद कुठेय?"

"जिथे असायला हवी तिथे."

"म्हणजे कोठीत," म्हणाली, आणि हसली.

दिवसकार्य आटोपल्यावर मी घर पुन्हा माझ्या पद्धतीनं लावलं. दुसऱ्याच दिवशी आमटी करताना कोठीच्या उंबऱ्यात गुडघा लचकला. चौकट धरून उभी राहिले. अनय, तुझं खरं म्हणायचं की शोभाचं, एवढाच प्रश्न होता... गुडघे बदलणं या वयात अवघड. घराची मांडणी बदलता येते. हिराबाईला हाक मारली. पलंग वरच्या खोलीतून खाली आणला, औषधं उशाशी, रोजच्या साड्या हाताशी, डाळी-मसाले ओट्यालगत. जिना आता मला चढावाच लागत नाही.

तेव्हा मी इथेच राहणार. तुमच्या गाद्या तेवढ्या वरच्या खोलीत आहेत, वर्षातून एकदा लागतात म्हणून. जास्त वेळा लागल्या तर खाली आणू.

रात्री ओटा पुसताना हात अजून हळदीच्या बरणीकडे जातो. उचलते, खालची जागा पुसते, आणि तिथेच ठेवते.