आधी आवाज, मग चेहरा

"या माणसाला मी ओळखत नाही," असं मी एकदा सौदी पोलिसाला सांगितलं. खोटं सांगितलं. तो माणूस माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा.

कुठल्याही खोलीत शिरण्याआधी तो दाराबाहेर थांबायचा आणि हाक द्यायचा, "मी हाय वो, आपलाच मानूस!" मग चेहरा दिसायचा. तेलाचे ते भरभराटीचे दिवस. कतीफजवळच्या आमच्या कॅम्पात सारखी नवी माणसं यायची आणि रायगड किनाऱ्यावरच्या या सिद्द्याला आफ्रिकेतला समजायची. त्याच्या पूर्वजांना कधीकाळी तिकडून गुलाम म्हणून जहाजातून आणलेलं. रंग आणि केस तेवढे तिकडचे. सुक्या बोंबलापासून शिव्यांपर्यंत बाकी सगळं आमचंच. आवाज आधी गेला की कुणी दचकत नाही, हे तो शिकला होता.

तरी मेसमध्ये कुणीतरी म्हणायचंच, "ए हबशी, तुझं टेबल तिकडं, सुदानवाल्यांत."

तो ताट उचलायचा. "जातो वो. पन त्यांना माज्या शिव्या कळत नायत, जेवान गोड लागत नाय."

सगळे हसत. मीही. असं हसणं तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल.

तेव्हा मी गुलामांवरची एक जाडजूड कादंबरी वाचत होतो. डोळे पुसत वाचत होतो. एकदा त्यानं विचारलं, "काय झालं, दादा?" मी गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "त्यांच्या बाजूनं कुनी बोललं का?"

"अजून तिथवर आलो नाही."

पुढे धरपकड सुरू झाली. हजला येऊन परवान्याशिवाय मागे राहिलेल्यांना पोलीस शोधत होते. सकाळी एखादी खाट रिकामी असायची, चादर विस्कटलेली तशीच. कुणी काही विचारत नसे. त्याचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, नव्यानं करायला कफीलकडे, आमच्या अरब मालकाकडे, गेला होता.

"मला धरला तर सांगाल ना दादा, मी कोन ते?"

"वेडा आहेस का? सांगणारच."

एका रात्री बाजारातून परतताना पोलिसानं आमची पिकअप अडवली. तोही आमच्यात होता. मी फोरमन, मोडकंतोडकं अरबी मलाच यायचं. आमच्या एका गोऱ्यापान रत्नागिरीकर फिटरचाही इकामा कफीलकडेच होता. त्याच्यासाठी मी "हिंदी, हिंदी", म्हणजे भारतीय, म्हणत हात जोडले. पोलिसानं त्याला सोडलं. मग टॉर्च सिद्द्याच्या चेहऱ्यावर थांबला.

"हाही हिंदी?"

खाली मान घालून मी म्हणालो, "ओळखत नाही."

घाबरलो होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मग फिटरच्या वेळी का नाही घाबरलो?

पोलिसांच्या गाडीत चढताना तो मराठीत म्हणाला, "दादा, आपलाच मानूस हाय ना मी?"

त्याला कोठडीत ठेवून नंतर गावी पाठवलं, असं उडत उडत कळलं. ती कादंबरी मी पुढे वाचली नाही.

परवा माझी मुलगी वंशभेदावर शाळेचा निबंध लिहीत होती. तिनं विचारलं, "बाबा, तेव्हाचे लोक गप्प कसे बसायचे?" दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावची एस.टी. पकडली.

दार उघडंच होतं. आत कुणीतरी खोकलं. मी बाहेर थांबलो.

"कोन हाय?" आवाज त्याचाच.

'आपलाच माणूस' म्हणायला जीभ वळेना.

"तुम्हाला ओळखत नाही म्हणालो होतो, तो मी," मी म्हणालो. "ओळखत होतो. मला माफ करा."