डाव्या हाताची सही

गोंदियात जुन्या बंदुका दुरुस्त करणारे आणि काडतुसे विकणारे एक काका आहेत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, म्हणून गिऱ्हाइकांचे परवान्याचे अर्ज लिहायला ते मला मानाने दुकानात बसवतात. प्रत्येक जुन्या हत्याराला ते ‘बुढा’ म्हणतात आणि पुसण्याआधी त्याची परवानगी घेतात.

परवा चोरखमारा गावाकडचे एक शेतकरी आजोबांच्या काळचे रिव्हॉल्वर घेऊन आले. धानात डुकरे शिरत होती. त्यांना नवी, जास्त जोराची काडतुसे हवी होती.

“बुढ्याले झेपाची नाही,” काका म्हणाले. “गोळ्यांची चकरीच फुटंल.”

“बसते तं बराबर.”

“माहा पायही जावयाच्या बुटात बसते. पळता येते का?”

“तुमी काऊन भेऊन राहिले, काका? चालवणार तं मीच.”

काकांनी वाद घातला नाही. कोरा कागद आणि पेन पुढे ठेवले. “डाव्या हातानं सही करा.”

“कायले?”

“उजव्याची बोटं राहाची नाही. आतापासूनच सवय करा. सही जुळली नाही तं बँकवाले लय तरास देते.”

शेतकऱ्यांनी खरेच तीनदा सही केली. तिसरी मला दाखवून विचारले, “मास्तर, नाव वाचता येते का?”

मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवले. “द्या मंग जुनीच, हलकी.”

काकांनी काडतुसे दिली आणि रजिस्टर पुढे सरकवले. “आता उजव्यानं करा.”

शेतकऱ्यांनी इतकी ऐसपैस सही केली, की ती शेजारच्या दोन रकान्यांत शिरली. काकांनी फुंकर मारून शाई वाळवली.