अर्जातून काढलेली ओळ
डिंकाचा वास आला की मला सदर बाजारातल्या त्या दवाखान्याची मागची खोली आठवते. मी तिथे कंपाउंडरचं काम शिकत होतो. मिक्श्चरच्या बाटल्यांवर खुराकाच्या खाचा पाडलेल्या कागदी पट्ट्या चिकटवून बोटं कायम चिकट असायची. सरकारी दवाखान्यात एक जागा निघाली, तेव्हा मी चार दिवस खपून इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यातली सगळ्यांत वजनदार ओळ अशी होती: डॉक्टरसाहेबांच्या चिठ्ठीत एका लहान मुलीसाठी कुचल्याच्या विषारी अर्काचे दोनऐवजी वीस थेंब लिहिले गेले होते, ते मी औषध देण्याआधी ओळखलं. अर्ज मी आमच्या म्हाताऱ्या कंपाउंडरना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “हे काहून लिहिलं गा? अर्ज वाचणार कोण? डॉक्टरच ना! त्याले सांगून राहिला तू, का मी तुमच्या चुका धरतो म्हणून?” “पण पोरगी वाचली नं,” मी म्हणालो. “वाचली. तुले नोकरी पाहिजे का नाही?” मी ती ओळ गाळून अर्ज नव्याने लिहिला. उरलं काय, तर अक्षर चांगलं, बाटल्या स्वच्छ धुतो, हुकूम पाळतो. तसं तर सगळेच लिहीत होते. उत्तर आलंच नाही. त्याचं नाही, पुढच्या अर्जांचंही नाही. किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता माझे केस पांढरे झाले. त्या मुलीला कधी काही कळलं नाही, आणि ते ज्या एकाच कागदावर लिहिलेलं होतं, तो मी माझ्या हाताने चुलीत घातला.