हिरव्यात उभा काटा

तामलवाडीच्या रस्त्याला दगडाचा कारखाना आहे. मी तिथं दगड पुसते. माझा नवराही तिथंच कामाला आहे. क्रेननं उचललेला दगड हलू नये म्हणून तो धरून चालायचं काम ह्यांचं.

पूर्वी दगडाला पट्टे बांधायचे. आता क्रेनला एक मशीन लटकवलंय, त्याला चार रबरी चकत्या आहेत. चकत्या दगडावर टेकवल्या की मशीन आतली हवा ओढून घेतं आणि दगड चिकटतो. धूळ राहिली तर फटीतून हवा शिरते, म्हणून पुसणारी बाई लागते. मशीनवर घड्याळासारखं मीटर आहे. काटा हिरव्यात असेल तरच उचलायचं, तांबड्यात असेल तर नाही. शिकवायला आलेल्या साहेबानं एवढं सांगितलं होतं. दगडाजवळ कुणी जायचं नाही, लांबून दोरीनं धरायचा, असंही तो म्हणाला होता.

दोरी आठ दिवस चालली. मग क्रेन चालवणारा ऑपरेटर म्हणाला, "दोरीनं लई येळ जातोय, हातानंच धर." तेव्हापासून हे दगडाला हात लावून त्याच्याबरोबर चालू लागले. ऑपरेटर मात्र क्रेनच्या बटणांचा डबा घेऊन पार खांबाजवळ जाऊन उभा राहायचा. आधी तो मशीनला चिकटून असायचा. ते माझ्या मनात बसलं. मी कुणाशी फार बोलत नाही, त्यामुळं बघणंच जास्त होतं.

एके दिवशी सकाळी मी झाडायला लवकर गेले. वीज अजून चालू केलेली नव्हती. चकत्या मोकळ्या लटकत होत्या, खाली दगड नव्हता. आणि तरी काटा हिरव्यात उभा होता. मी मीटर पदरानं पुसलं, वाटलं काचेवर काही असेल. काटा तिथंच. मग काल दिवसभर आम्ही काय बघत होतो?

हे आल्यावर मी चहाच्या टपरीमागं बोलावून सांगितलं. ते हसले. "चौथी शिकून आता इंजिनेर झालीस व्हय? काल एवढे दगड उचलले, एक तरी पडला का?"

"पडला असता तर तुमच्या पायावर पडला असता," मी म्हणाले.

ते कप ठेवून कामाला गेले.

पहिलाच दगड पायरीचा होता, लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवलेला. तो पुसायची माझीच पाळी. हे कडेला येऊन उभे राहिले. मी पुसलं, आणि बाजूला व्हायचं सोडून दगडावरच बसले.

"वयनी, उठा की," ऑपरेटर लांबून म्हणाला. "का तुम्हालाबी उचलू?"

सगळे हसले. हे म्हणाले, "अगं ऊठ, लोक बघायलेत."

मी खाली मान घालून म्हणाले, "आधी मशीन बंद करा अन् काटा बघा."

"काट्याला काय झालंय?" ऑपरेटर म्हणाला. "हिरव्यात हाय की."

"बंद असतानाबी हिरव्यातच असतोय."

हसणं थांबलं. मुकादम ऑफिसातून बाहेर आला. त्यानं स्वतः मेन स्विच पाडला आणि मीटरजवळ जाऊन बघत राहिला. काटा हलला नाही. बोटानं काच टिचकावली तरी हलला नाही. मग त्यानं ह्यांच्याकडं बघितलं, आणि हे माझ्याकडं.

मशीन तीन दिवस बंद राहिलं. नवीन मीटर आलं, दोन चकत्यांची रबरंही बदलली. त्यांच्या कडा चिरलेल्या निघाल्या. दोरी परत आली. हे आता दोरीचं पार शेवटचं टोक धरून लांब उभे राहतात, मला सांगावं लागत नाही.

मशीन चालू झालं त्या दिवशी ऑपरेटर माझ्याजवळ आला. माझ्या हातातल्या फडक्याकडं बघत म्हणाला, "वयनी, आईशप्पत, मला ठाऊक नव्हतं बरं का."

मी मान हलवली आणि दगड पुसू लागले. मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

अजूनही मी वीज चालू व्हायच्या आधी जाते. काटा खाली तांबड्यात पडलेला दिसला की मगच झाडू हातात घेते.